निळा दोरा

सोमवार, ५ जानेवारी २०२६

नवं वर्ष, नवं काम आणि नवी कोरी डायरी. डायरी इनेझ आन्टींनी दिली. त्यांच्या पतपेढीची आहे. सुरुवातीलाच सगळे सण आणि सुट्ट्या छापल्यात, म्हणून विनिता खूश. शाळा सुटल्यापासून मी रोजनिशी लिहिलेली नाही, पण आन्टी म्हणाल्या की वही कोरी ठेवू नये, काहीतरी लिहीत जा. मग बसलो.

आधी माझी ओळख, पुढेमागे एखाद्या नातवंडाने वही उघडली तर. मी हर्षवर्धन, वय अडतीस, राहणार आचोळे, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण चालत नाही. बारा वर्षं अंधेरीला, नाटकांना आणि कार्यक्रमांना माइक पुरवणाऱ्या कंपनीत होतो. नोव्हेंबरात त्यांनी आम्हा सहा जणांना नारळ दिला. घरी बसून मी विनिताच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागलो, तेव्हा तिनेच चौकशा करून ही जागा शोधली. बायकोने नोकरी शोधून दिली हे मी बाहेर कोणाला सांगत नाही.

जागा मात्र झकास आहे. मोटरसायकलने पूल ओलांडून वसई पश्चिमेला आलं की पंचवीस मिनिटांत गाव. मालक बॅप्टिस्ट अंकल, इनेझ आन्टींचे नवरे, एकाहत्तर वर्षांचे. घराच्या ओटीला काचा लावून त्यांनी दुकान केलंय. समोर बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं, काठाने केळी, आणि पलीकडे चर्च. काम एकच: कॉलर माइकच्या तारेच्या टोकाला जो इवलासा कनेक्टर असतो तो दुरुस्त करायचा. करंगळीच्या नखाएवढा जीव, त्यात चार पिना, आणि पिनेला जोडलेली तार केसाहून जाड नाही. वक्ता हात उडवतो, नट मिठी मारतो, नवरदेव सदरा बदलतो, आणि दर वेळी तार तिथेच तुटते. आजूबाजूचे सगळे साउंडवाले तुटकी टोकं घेऊन अंकलकडे येतात. दुपारी आन्टींनी जेवायलाच बसवलं. डबा तसाच परत नेला, म्हणून विनिताने थोडं ऐकवलं.

गुरुवार, ८ जानेवारी

बारा वर्षं मी माइक लावले आणि काढले, पण खरं काम आता शिकतोय. भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसायचं. जुनी तार कापायची, आतली रेशमासारखी तार सोलायची, तिला सोल्डरचा एक थेंब, पिनेला एक थेंब, आणि श्वास धरून दोन्ही थेंब एक करायचे. अंकल आठ मिनिटांत करतात. मला पहिल्या दिवशी दीड तास लागला, आज पंचवीस मिनिटं. अंकल म्हणाले, हात चांगला आहे. मी जरा फुगलोच.

इथले नियम तीन. पहिला: काम झालं की हेडफोन लावून दहा मिनिटं नुसती शांतता ऐकायची. बोलून तपासायला कोणीही येतो, खरखर शांततेतच सापडते. दुसरा: काम अर्धवट असेल तर तारेला लाल चिंधी बांधायची आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं की हे अर्धवट आहे. तिसरा मला फार आवडला. अंकलचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि घड्याळाच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरायचे, म्हणजे पुन्हा कोणी उघडलं तर कळावं की हे हात कोणाचे. कनेक्टरमध्ये कोरायला जागा नाही. म्हणून अंकल कव्हर बंद करायच्या आधी तारेला दोऱ्याचे तीन वेढे देतात. त्यांचा दोरा पांढरा. मुलगा मेलरॉय इथे बसायचा तेव्हा त्याचा हिरवा होता. तो कॅनडाला गेला त्याला आता अकरा वर्षं झाली, तरी अजून एखादं कव्हर उघडलं की आत हिरवा दोरा निघतो आणि अंकल तो तसाच ठेवून देतात.

आन्टींनी शिवणाचा डबा पुढे केला आणि माझ्यासाठी निळं रीळ काढलं. आजपासून माझा रंग निळा.

शनिवार, २४ जानेवारी

हात बसलाय. आज सहा कनेक्टर, सहाही एका दमात. ॲलिस्टर नावाचा लग्नाचा साउंडवाला आला होता. त्याने अंकलसमोर म्हटलं, आता तुम्ही आराम करा, हा आहे ना. अंकल हसले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढे ढकलत आहेत. हल्ली विसरतातही. सकाळी दिलेला माइक दुपारी शोधत बसतात.

शेजारची ज्युली पेरू घेऊन आली होती. गॅब्रिएलची बायको, चाळिशीची असेल. चर्चमध्ये स्तोत्रं तीच गाते. नवीन जोडलेला माइक हातात असला की अंकल तिला गायला लावतात. आज माझ्या कनेक्टरवर ती दोन ओळी गायली आणि हेडफोनमध्ये तो आवाज ऐकून मी सोल्डरिंगचं टोक थेट टेबलावर ठेवलं. टेबलावर डाग पडला.

ती गेल्यावर आन्टी सांगत होत्या की हिने सासूचं दोन वर्षं अंथरुणात केलं, ऑक्टोबरात म्हातारी गेली तोवर एकदा तोंड वाकडं केलं नाही. गावात सुनांना ज्युलीचंच नाव ऐकवतात.

शनिवार, २१ फेब्रुवारी

राखेचा बुधवार होऊन गेला, गावात उपवासकाळ सुरू झालाय. चर्चची कामं वाढली आहेत. आज चार वाजता चर्चचं सामान बघणारा रुडॉल्फ फादर ॲन्सेल्मचा कॉलर माइक घेऊन आला. उद्या सकाळच्या मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, हवा होता. अंकल ऑपरेशनची तारीख घ्यायला गेले होते, मी एकटाच.

या माइकच्या तारेवर एक बटण आहे, दाबलं की माइक बंद. त्या बटणाच्या दोन तारा कनेक्टरमध्ये दोन पिनांवर येतात. बटणच सडलं होतं, म्हणून सगळी खरखर. तसलं बटण आमच्याकडे नव्हतं. मुंबईहून आणायचं म्हणजे सोमवार. मग मी डोकं चालवलं. त्या दोन पिना आतल्या आत तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडून टाकल्या. आता बटण दाबा, नका दाबू, माइक चालूच. खरखर गायब. निळ्या दोऱ्याचे तीन वेढे दिले आणि कव्हर बंद केलं.

लाल चिंधी हातात घेतली होती. पण रुडॉल्फ खुर्चीत बसून म्हणत होता की अंकल असते तर सोमवारचं सांगितलं असतं, तुम्ही एका तासात करून दिलंत. एवढं ऐकल्यावर हे अर्धवट आहे म्हणून सांगायचं जिवावर आलं. बटण नवीन टाकलंय, असं म्हणालो. चिंधी खणात ठेवून दिली. सोमवारी खरं बटण आणून बसवीन, कोणाला कळायचंही नाही. फादर कशाला बटण दाबतायत.

आन्टींनी उद्या जेवायला बोलावलंय. म्हटलं जरा लवकर येतो, माझा माइक कसा वाजतो तेही ऐकतो.

रविवार, २२ फेब्रुवारी

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

मिस्सा संपला होता. आत मावत नाहीत त्यांच्यासाठी चर्चच्या अंगणात दोन भोंगे लावलेत, मी त्यांच्याच खाली उभा होतो. लोक अंगणात गप्पा मारत थांबले होते, शंभर-सव्वाशे तरी असतील. फादर वेदीमागच्या खोलीत गेले. नंतर कळलं की जाताना त्यांनी बटण दाबलं होतं. नेहमी दाबतात.

भोंग्यातून दार लागल्याचा आवाज आला. मग ज्युलीचा आवाज.

ती म्हणाली, मी जागीच होते, फादर. आई हाका मारत होत्या. पाणी मागत होत्या. मी ऐकत होते. दोन वर्षं उठत होते, त्या दिवशी नाही उठले. डोळे मिटून पडून राहिले. सकाळी बघितलं तर त्या गेलेल्या होत्या. सगळे मला चांगली म्हणतात, फादर. मी जागी होते.

गॅब्रिएल माझ्यापासून चार पावलांवर उभा होता, हातात कोणाचं तरी लहान मूल घेऊन. म्हातारी त्याची आई.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते इथे लिहिलंच पाहिजे. पहिला विचार आला, किती स्वच्छ येतोय आवाज, जराही खरखर नाही.

दुसरा विचार आला की भोंग्यांचं यंत्र बाजूच्या दाराआड आहे, बारा पावलं, लाल बटण कुठे आहे मला माहीत आहे. मी हललो नाही. मी धावलो असतो तर लोकांना कळलं असतं की याला आधीपासून माहीत होतं. म्हणून मी उभा राहिलो आणि ती बोलत राहिली. शेवटी रुडॉल्फ धावला.

ज्युली बाहेर आली. तिला काहीच माहीत नव्हतं. अंगणात येऊन तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि मग वर भोंग्याकडे पाहिलं.

जेवायला थांबलो नाही. आन्टींना म्हणालो, पित्त झालंय.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते विनिताला सांगता येणार नाही. ही वही आता दुकानाच्या खणातच ठेवणार आहे, घरी नेणार नाही.

सकाळी रुडॉल्फ माइक रुमालात बांधून घेऊन आला. बटण चालत नव्हतं, कोणी केलं एवढंच विचारायला फादरांनी पाठवलंय, म्हणाला. अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, गेल्या आठवड्यात चर्चचे चार माइक आले होते, दोघांनीही केलेत, आठवत नाही. शनिवारी रुडॉल्फ माझ्यासमोरच बसला होता, पण घाई त्याचीच होती म्हणून, की माझ्यावर दया आली म्हणून, कोण जाणे. त्याने माझं नाव घेतलं नाही. अंकल म्हणाले, जेवून येतो, मग उघडू. दोरा सांगेल.

ते आत गेले. मी कव्हर फिरवून उघडलं. निळा दोरा सोडवला. आन्टींच्या डब्यातून पांढरा घेतला, तीन वेढे दिले. कव्हर बंद करतोय तोच आतून चपला वाजल्या. निळा तुकडा माझ्या चिमटीत होता. खिशात टाकायचं सुचलं नाही. मी तो तोंडात घातला आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळून टाकला.

मग टेबलावर डोकं ठेवून झोपलोय असं दाखवलं, म्हणजे कव्हर उघडताना मला त्यांच्या तोंडाकडे बघायला नको.

कव्हर फिरल्याचा आवाज आला. मग अंकल स्वतःशीच म्हणाले की मला हे केल्याचं आठवतसुद्धा नाही. डोळे गेले, आता डोकंही गेलं. मी त्या पोरीचं काय केलं. त्यांचा आवाज फुटला. त्यांनी मला हाक मारली. हर्षा, झोपलास का रे?

मी जागा होतो. मी मान वर केली नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

ज्युली बोलत नाही. रागाने नव्हे, तिच्या तोंडून आवाजच निघत नाही. डॉक्टरला दाखवलं, गळ्यात काही दोष नाही. गॅब्रिएल बहिणीकडे राहायला गेलाय. आन्टी रोज तिच्याकडे पेज घेऊन जातात आणि परत येऊन रडतात, कारण त्यांना वाटतं हे सगळं त्यांच्या नवऱ्याने केलं.

अंकल फादरांकडे जाऊन चूक कबूल करून आले. नसलेली चूक. फादरांनी त्यांचे हात धरले म्हणे. मी म्हणालो, अंकल, माणसाकडून होतं. हे वाक्य मी म्हणालो. मी.

उद्या सांगतो. उद्या नक्की.

मंगळवार, ३ मार्च

सांगितलं नाही.

आज विचित्र झालं. ॲलिस्टरचा एक माइक आला, कारखान्यातून आला तसा, कधी न उघडलेला, कव्हरही ओतीव, उघडायचं तर कापावंच लागतं. ते मी कापलं. आत तारेला निळा दोरा. तीन वेढे.

मी ॲलिस्टरला विचारलं की हा आधी कोणाकडे दुरुस्त केला होता का. तो हसला, म्हणाला की सील तुम्हीच फोडलंत ना. दोरा माझ्याच रिळाचा होता. गाठ माझी. मी डावखुरा आहे, माझी गाठ उलटी बसते.

शुक्रवार, ६ मार्च

चार दिवसांत अकरा कनेक्टर उघडले. अकराही निळे. त्यात दोन अंकलचे जुने होते, गेल्या वर्षीचे, ज्यात पांढरा असायला हवा. अंकलना डाव्या डोळ्याने धड दिसत नाही. ते भिंग लावून म्हणतात, पांढराच आहे रे, माझाच. मला निळा दिसतो.

आणि हेडफोन. दहा मिनिटं शांतता ऐकायचा नियम. आज माइकची दुसरी बाजू जोडलेलीही नव्हती, तार नुसती टेबलावर पडलेली. हेडफोनमध्ये दार लागल्याचा आवाज आला. मग ती. मी जागीच होते, फादर.

हेडफोन काढले. खिडकीतून ज्युलीचं घर दिसतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तोंड बंद.

सोमवार, ९ मार्च

घसा बसलाय. विनिता हळदीचं दूध देते. मला सर्दी नाही. जिभेच्या मुळाशी काहीतरी गुदगुल्या करतंय, केस अडकल्यासारखं.

विनिताला सांगायचं ठरवलं होतं. सुरुवात केली, मी त्या दिवशी. एवढंच निघालं, पुढे नुसती हवा. ती म्हणाली, बोलू नकोस, घशाला आराम दे. मला हायसं वाटलं. बोलता येत नाही म्हणून हायसं वाटलं, अशा माणसाला काय म्हणायचं.

बुधवार, ११ मार्च

मुंबईहून कनेक्टरचं नवीन पाकीट आलं. दहा नग, प्लास्टिकमध्ये बंद. त्यांना अजून तारही जोडलेली नाही.

दहाही उघडले. दहाही—

एकातला दोरा ओढला. येत राहिला. नखाएवढ्या कव्हरातून दोन हात, चार हात. ओढताना माझा घसा आतून ओढला जात होता. हात थांबला की घसाही थांबायचा. कात्रीने कापला.

आता आवाज अजिबात नाही. कुजबूजही नाही.

गुरुवार, १२ मार्च

अंकलनी ठरवलंय. रविवारी मिस्साच्या शेवटी सगळ्या गावासमोर उभं राहून ज्युलीची माफी मागणार. मग दुकान बंद. ऑपरेशनही नको म्हणतात, डोळे कशाला हवेत आता. पन्नास वर्षं त्यांनी एकही लाल चिंधी चुकवली नव्हती, ते स्वतःच सांगत होते, रडत नव्हते, नुसते सांगत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू चांगला कारागीर आहेस, माझं नाव सांगू नकोस, तुला काम मिळेल.

मला बोलता येत नाही.

पण लिहिता येतं. हे मी इतके दिवस स्वतःपासून लपवलं. एक चिठ्ठी पुरे. दोन ओळी. कागद समोर होता, पेन हातात होतं.

मी कागदावर सोल्डर पुसलं.

शनिवार, १४ मार्च

ज्युली दुकानाच्या पायरीवर आली. अंकल आत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी विसरल्यासारखी. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे केलं. तिला काय दिसलं? मी खाली बघितलं.

हेडफोनमध्ये आज ती वेगळंच बोलली. तिचाच आवाज. पण वाक्य—

फादर कशाला बटण दाबतायत.

हे मी कोणाला बोललो नव्हतो. हे फक्त इथे लिहिलंय. एकवीस तारखेला. या वहीत.

उद्या सकाळी लवकर येऊन ही वही अंकलच्या भिंगाखाली ठेवीन. मिस्साच्या आधी. शपथ.

रविवार, १५ मार्च

साडेसातला आलो. अंकल इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर उभे होते. खणातून काढलेली वही माझ्या हातात होती. ते म्हणाले, येतोस ना चर्चला? मी मान हलवली, नाही. ते गेले. वही माझ्या हातातच.

मिस्सा चालू आहे. खिडकी उघडी आहे, बावखलावरून भोंग्याचा आवाज येतो.

आता अंकलचा आवाज. माझ्याकडून एक चूक झाली, म्हणतायत. ज्युली, पोरी—

थांबले. भोंग्यात खरखर. दार लागल्याचा आवाज.

ज्युलीचा आवाज. गाण्यातला, तोच. तीन आठवडे कोणी ऐकला नव्हता.

नवं वर्ष, नवं काम आणि नवी कोरी डायरी.

वाचतेय. पहिल्या पानापासून. लिफ्टचं. विनिताचं. अंगणात कोणीतरी हसलं.

पेरू. टेबलावरचा डाग.

मी खिडकी लावली. तेवढंच ऐकू येतं. टेबलावरचे सगळे कनेक्टर बोलतायत.

एकवीस तारीख. लाल चिंधी खणात. आता कोणी हसत नाही.

किती स्वच्छ येतोय आवाज. तिने तेही वाचलं. तेही.

ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं तर दोरा. ओठांपर्यंत आलाय. निळा.

तेवीस. निळा दोरा सोडवला. पांढरा घेतला. गिळून टाकला. थांबत नाही ती. हर्षा, झोपलास का रे. अंकलसारखंच म्हणाली.

लोक निघाले. केळींच्या कडेने येतायत. घाई नाही कोणाला. पुढे अंकल, आन्टींनी हात धरलाय. मागे गॅब्रिएल. ज्युलीपण आहे त्यांच्यात, तोंड बंद, आणि भोंग्यात ती—

मागच्या दाराने जाता येईल. अजून वेळ आहे. अकरा. बारा. चौदा तारीख. शपथ.

आजचं पान वाचतेय. मी लिहितो, ती बोलते. पेन थांबलं, भोंगा थांबला. नुसता श्वास.

अंकल पायरीशी आलेत. काचेतून बघत नाहीत. मान वळवून वर बघतायत, बावखलापलीकडे, चर्चच्या भोंग्याकडे. वाट बघतायत.

त्यांनी अजून मानलेलं नाही. मला दिसतंय त्यांच्या तोंडावर. अजून त्यांना वाटतंय हे दुसऱ्या कोणाचं तरी असेल. मी तसं लिहिलं तर ती तसंही बोलेल. सगळं खोटं, लिहिलं तर. डायरी म्हणजे गंमत, लिहिलं तर. ते मानतील. ते माझं मानतील.

ज्युलीने गळ्यावर हात ठेवलाय.

अंकल

भोंगा म्हणाला, अंकल. त्यांनी मान हलवली, बोल म्हणून.

अंकल, मी जागा हो—